कसोटीवरची रेघ पुसू नका : लोकांचं संग्रहालय म्हणजे काय आणि ते टिकतं कसं

सोन्याच्या भावाने तोळ्यामागे लाखाचा टप्पा ओलांडला आणि कोलारचं नाव पुन्हा बातम्यांत येऊ लागलं. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तिथे खाणींच्या कचऱ्याचे डोंगराएवढे ढीग पडून आहेत. त्यातल्या १३ ढिगांमधून पुन्हा सोनं काढायच्या प्रस्तावाला २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने मान्यता दिली. बातमी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, की कचऱ्यात सोनं कसं? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे ढीगही उद्या उचलले गेले, तर तिथे पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसांची हकिकत कुठे राहणार?

नाशिककरांसाठी हा दुसरा प्रश्न अगदी जवळचा आहे. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा खचतो, एखादी पेढी नव्या इमारतीत जाते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘इथे एखादं म्युझियम व्हायला हवं होतं.’ ते म्युझियम म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेऊ.

आधी सोन्याचं : कचऱ्यात ते राहतं कसं?

कोलारचं सोनं काळपट कठीण खडकात घुसलेल्या पांढऱ्या गारेच्या शिरांमध्ये होतं. दगड वर आणायचा, लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटायचा आणि त्याचा पाणीदार गाळ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचा. पारा सोन्याला धरून ठेवतो. पण फार बारीक कण निसटतात. ते पकडण्यासाठी १८८७ मध्ये पेटंट घेतलेली सायनाइडची पद्धत आली : सायनाइडच्या पातळ द्रावणात सोनं विरघळवायचं आणि मग जस्ताच्या साहाय्याने ते परत बाहेर काढायचं. इतकं करूनही उरणारी बारीक वाळू म्हणजे तो कचरा. उसाच्या चिपाडात थोडा ओलावा राहतोच, तसं या चोथ्यात थोडं सोनं राहतं. भाव कमी असताना ते काढणं परवडत नाही, भाव चढला की हिशेब बदलतो.

सराफ बाजाराला हे गणित नवं नाही. झारेकरी हेच काम हाताने करत आले. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, दुकानासमोरच्या गटारातला गाळ गोळा करायचा, पाटीत घेऊन पाण्यात हलवत हलवत हलकी माती वाहू द्यायची, तळाशी राहिलेल्या जड काळ्या रेतीत पारा चोळायचा, पाऱ्याची गोळी तापवून पारा उडवायचा आणि मागे राहिलेला कण तेजाबाने साफ करायचा. कोलारच्या गिरणीत जे टनांनी चालायचं, ते झारेकरी पाटीने करायचा. गिरणीची आकडेवारी कंपनीच्या अहवालात छापली गेली. पाटी कशी फिरवायची, कुठल्या गल्लीच्या मातीला किती मोल, पारा कुणाकडून आणायचा, हे मात्र कुठेच छापलं गेलं नाही. ते एका घरातून दुसऱ्या पिढीकडे गेलं आणि आता बऱ्याच घरांत तिथेच थांबलं आहे.

खाण बंद पडली की काय काय जातं?

कोलारची लिहिलेली हकिकत भरपूर आहे. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी तिथे उतरली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज आली. त्या काळी देशातली बहुतेक शहरं कंदिलावर होती. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्याकडे आणि १९६२ मध्ये केंद्राकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं, खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. त्याच खोलीचा फायदा घेऊन १९६५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण टिपले.

आता न लिहिलेलं पाहा. इतक्या खोल खडकावर वरच्या थराचा प्रचंड दाब असतो आणि तो खडक कधीकधी बंदुकीच्या गोळीसारखा अचानक फुटतो. याला खडकस्फोट म्हणतात. स्फोटाआधी खडक कसा करकरतो हे अनुभवी खाणकामगाराला कानाने कळायचं. बहुतेक कामगार तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं होती. त्या आवाजाला त्यांच्या बोलीत काय शब्द होता? भोंगा अवेळी वाजला की चाळीतल्या बायका काय करायच्या? खाण बंद झाल्यावर पंप थांबतात, विहिरी पाण्याने भरतात, आणि खालच्या बोगद्यात जाऊन कुणी काही तपासू शकत नाही. माहिती उरते ती माणसांच्या डोक्यात. म्हणून खाणीचा दिवा काचेच्या कपाटात ठेवणं हे सोपं काम आहे. तो दिवा डोक्यावर बांधून खाली उतरलेला माणूस जिवंत असताना त्याच्याशी बोलणं हे घाईचं काम आहे.

मग सरकारी संग्रहालय आहेच की, वेगळं कशाला?

मोठी संग्रहालयं हवीतच. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे आणि तिचा संग्रह अभ्यासकांसाठी मोलाचा आहे. जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. अशा साठ्याचा अभ्यास तज्ज्ञानेच करायचा असतो.

लोकांचं संग्रहालय वेगळ्या कामासाठी असतं. ते बँकेच्या लॉकरपेक्षा भिशीच्या जवळचं आहे. भिशीत प्रत्येकजण आपला वाटा टाकतो, सगळ्यांना एकमेकांची तोंडं माहीत असतात, आणि विश्वास टिकतो तो वहीवर. इथेही काय ठेवायचं, त्याची हकिकत कोण सांगणार, भिंतीवर काय लिहायचं हे त्या वस्तीतले लोक ठरवतात.

वॉशिंग्टनमध्ये १९६७ साली अॅनाकोस्टिया नावाच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीत जुन्या सिनेमा थिएटरात असं संग्रहालय सुरू झालं. वस्तीतल्या लोकांना घरातल्या उंदरांचा जाच होता, तर १९६९ मध्ये त्यांनी उंदरांवरच प्रदर्शन भरवलं. ऑस्ट्रेलियात बॅलराटला १८५१ मध्ये सोनं सापडलं होतं. तिथल्या नागरिकांनी पुढाकार घेऊन सोव्हरिन हिल हे खाणकाळातलं अख्खं गाव पुन्हा उभं केलं आणि १९७० मध्ये खुलं केलं. जगभरच्या संग्रहालयांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रागला संग्रहालयाची व्याख्या बदलली, त्यात लोकसमूहांचा सहभाग हे शब्द आले. म्हणजे हा हौशी लोकांचा फावल्या वेळचा उद्योग उरलेला नाही.

पण नाशिकला कुठे सोन्याची खाण आहे?

नाही, आणि असायची शक्यताही नाही. आपल्या पायाखाली लाव्हारसाचा काळा पाषाण आहे, कोलारसारखा सोनं बाळगणारा प्राचीन खडक नव्हे. पण सोन्याचा इतिहास खाणीपाशी संपत नाही. ९ जानेवारी १९६३ ला केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर करायला बंदी घातली. बावीस कॅरटवर हात बसलेल्या सोनाराला १४ कॅरटचं सोनं कडक लागतं, तार ओढताना तुटतं, आणि गिऱ्हाईकही ते घेत नाही. देशभर कारागिरांची कामं गेली. शुद्धतेची अट काही वर्षांत उठली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच ठेवलं, ते थेट १९९० ला संपलं. १९६३ मध्ये विशीत असलेला कारागीर आज ऐंशीच्या पुढे आहे. त्या वर्षी पेढीवर काय झालं, कोण दुसऱ्या धंद्याला लागलं, कुणी भांडी विकली, हे विचारायला आपल्याकडे फार तर काही वर्षं आहेत. सराफ बाजाराच्या संग्रहालयाची सुरुवात करायला एवढा एक विषय पुरेसा आहे.

तांबट लेन, भांडी बाजार, नाशिकरोडच्या छापखान्यांतले कामगार, ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहती, या सगळ्यांना हेच लागू आहे.

सुरुवात इमारतीपासून नको, वहीपासून

सगळ्यात जास्त संग्रहालयं बुडतात ती यामुळे : आधी जागा, कोनशिला, काचेची कपाटं, आणि वस्तू मागून पोत्यांनी येतात. सहा महिन्यांनी कुठली वस्तू कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

एक जाड, शिवलेली वही घ्या. सुट्या पानांची फाइल नको, पानं हरवतात. प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक द्या : २०२५.७.३ म्हणजे २०२५ सालातल्या सातव्या देणाऱ्याची तिसरी वस्तू. त्यापुढे वस्तूचं बाजारातलं खरं नाव, देणाऱ्याचं नाव, कायमची दिली की उसनी, माप, वजन, आज कशी आहे, कुठल्या कप्प्यात आहे, आणि हकिकत कुणी सांगितली. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तोच सगळ्यात किमती असतो.

सोनाराची कसोटी हातात आली आहे असं समजू. तळहाताएवढा गुळगुळीत काळा दगड. त्यावर सोनं घासायचं, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा. हिणकस रेघ फिकी पडते, चोख टिकते. देणाऱ्याच्या घरून दगड येतो तेव्हा त्यावर जुन्या रेघा असतात, कडेला बोटांच्या तेलाची चकाकी असते, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते. उत्साही कार्यकर्ता पहिलं काम करतो ते दगड साबणाने स्वच्छ धुण्याचं. रेघा गेल्या, म्हणजे दगडाने केलेलं काम गेलं. आता तो नदीतल्या कुठल्याही काळ्या गोट्यासारखा. धुऊ नका. जसा आला तसा चारी बाजूंनी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि वहीत लिहा, की झीज कुठल्या बाजूला आहे, शेवटच्या रेघा कुणी ओढल्या असाव्यात असं घरचे सांगतात.

गुंजांची डबी आली तर वजन करा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. हा फरक फलकावर लिहिला नाही, तर आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या पाटल्यां’चा हिशेब नातवाला कधीच जुळणार नाही.

क्रमांक वस्तूवर लिहायचा तो असा, की तो सहज पुसला जाणार नाही, पण लागलाच तर काढता येईल. धातू आणि दगडावर न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक लाखेचा अॅसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ हात द्या, सुकल्यावर त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक हात. कापडाला सुती नाडीवर लिहून दोन टाके. कागदाला मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिल. बॉलपेन, स्टिकर आणि सेलोटेप कशालाच नाही. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते काढताना कागदाचा जीव जातो.

हकिकत टिपायची कशी?

मोबाइल पुरतो. विमान मोडवर टाका, आवाज न आकसवलेल्या म्हणजे वेव्ह (WAV) फाइलमध्ये घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पंखा बंद करा. पंख्याची घरघर खोलीत असताना जाणवत नाही, ऐकताना मात्र तीच पुढे येते.

‘काका, तुमच्या काळच्या आठवणी सांगा ना’ असं विचारलं की दहा मिनिटांचं भाषण मिळतं. वस्तू, समजा सोनाराची शेगडी म्हणजे बागेसरी, समोर ठेवून विचारा : ‘काका, ही बागेसरी सकाळी कोण पेटवायचं? कोळसा कुठला? फुंकणी मारून मारून गाल दुखायचे का?’ हात हलू लागतात आणि जीभ सुटते. तांबटाला मठारकामाबद्दल, म्हणजे भांडं ठोकून घडवण्याबद्दल, विचारायचं तर हातोडी त्याच्याच हातात हवी. आणि घरातल्या बायकांना वेगळं बसून विचारा. मण्यांची ओवणी कोण करायचं, पितळी भांड्यांची घासपूस, उधारीचा तोंडी हिशेब, हे पुरुषांच्या मुलाखतीत येतच नाही.

एका तासाचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास लागतात. वीस मुलाखती म्हणजे शंभर तासांहून जास्त काम, म्हणून पहिल्या वर्षी दहाच घ्या आणि पूर्ण लिहून काढा. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात. बोलणाऱ्याची लेखी संमती त्याच दिवशी घ्या : नाव लावायचं का, इंटरनेटवर टाकायचं का, कुठला भाग बंद ठेवायचा. माणूस गेल्यावर हे विचारता येत नाही, आणि वारसांमध्ये मतभेद झाले तर ती मुलाखत कपाटातच अडकते.

नाशिकची हवा आणि गोदेचा पूर

वस्तूंना चढउतार बाधतो. हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला तर उत्तम. ६५ च्या वर गेला की बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळा ओला आणि हिवाळा कोरडा, त्यामुळे लाकूड फुगतं, आकसतं आणि चिरतं. एक साधा दमटपणामापक भिंतीला लावा आणि पावसात खिडक्या सताड उघडू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर रंग बदलला की त्या वाळवाव्याच लागतात, नाहीतर नुसती वजनं.

तांब्या-पितळेला चिंच, राख, पावडर लावू नका. चकाकी येते, पण हातोडीच्या खुणा आणि कोरलेली नावं पुसट होतात. घट्ट हिरवट थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ती धातू आतून खाते आहे. ती वस्तू वेगळी काढा, कोरडी ठेवा, जाणकाराला दाखवा. चांदी रबरबँड किंवा लोकरीजवळ ठेवली की काळी पडते. कसर लागलेलं सुती कापड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरगुती फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवलं की किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर बाष्प कापडावर बसतं.

झारेकऱ्याची पाऱ्याची वाटी किंवा सोनाराची तेजाबाची बाटली आली तर ती सरळ मांडू नका. मातीच्या वाटीत मुरलेला पारा उन्हाळ्यात वाफ सोडतो. हवाबंद डबा, वर ‘पारा’ अशी ठळक चिठ्ठी, आणि मुलांच्या हाताबाहेर. जुनं तेजाब तर स्वीकारूच नका.

राहिला पूर. सराफ बाजार आणि भांडी बाजार नदीकाठी. १९६९ चा महापूर लोक अजून सांगतात, आणि २००८, २०१६, २०१९ मध्येही पाणी बाजारात शिरलं. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून इथला व्यापारी माल कधी हलवायचा ते ठरवतो. संग्रहालयाने त्याचंच ऐकावं. तळमजल्यावर फक्त दगड आणि जड लोखंड. कागद, कापड, फोटो वरच्या मजल्यावर. मारुतीच्या कुठल्या पातळीला कोणती पेटी कोणी उचलायची, हे नावानिशी भिंतीवर लिहून ठेवा. कागद भिजलेच तर बुरशी धरायला साधारण ४८ तास लागतात. तेवढ्यात सावलीत पंख्याखाली टिपकागद घालून वाळवा. गठ्ठा मोठा असेल तर पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका आणि पुढे थोडे थोडे काढून वाळवा. उन्हात नाही, इस्त्री तर मुळीच नाही.

‘उद्या आमची वस्तू परत मिळेल का?’

हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं आणि त्यात काही गैर नाही. दोन कागद तयार ठेवा. एक देणगीपत्र, म्हणजे वस्तू कायमची दिली. दुसरं उसनपत्र, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिली, मुदत संपल्यावर परत किंवा नवा करार. ‘कायमची उसनी’ असा तोंडी व्यवहार करू नका. देणारा गेल्यावर तीन वारस तीन गोष्टी सांगतात. संस्था बंद पडली तर वस्तू कुणाकडे जाणार, हेही घटनेत आधीच लिहा. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात आणि नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते.

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि मूर्ती-चित्रांसारख्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि जुन्या दागिन्यांत वाघनख किंवा हस्तिदंत निघालं, तर वन्यजीव कायदा लागतो. ते घेऊ नका, वनविभागाला विचारा. फोटो आणि हकिकत मात्र घेता येते.

कुलपाची किल्ली एकाकडे असली की

असं संग्रहालय सहसा एका माणसाच्या वेडावर उभं राहतं. तो आजारी पडला की कुलूप लागतं. किल्ल्या तिघांकडे, वहीची झेरॉक्स दोन घरांत, आणि दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस सगळ्यांनी मिळून मोजदाद : वहीतला क्रमांक वाचायचा, वस्तू कप्प्यात आहे का पाहायची, पेन्सिलने खूण करायची. शंभर वस्तूंना चार माणसं आणि एक दुपार पुरते. न सापडलेल्या वस्तूपुढे ‘सापडत नाही’ असं तारखेसह लिहायचं, खोडायचं नाही. पुढच्या मोजदादीत त्यातल्या काही वस्तू बहुधा भलत्याच कप्प्यात सापडतात.